ऋषिपंचमीचें धान्य

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं, महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत एक चमत्कारिक नियम पाळला जातो. त्या दिवशीं ऋषिपंचमीचें व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचें अन्न खात नाहींत. नांगरटीचे गहूं, ज्वारी, तांदूळ हें सारें वर्ज्य; परसांत हातानें लावलेल्या भाज्या, अळूचे देठ, लाल भोपळा, मक्याचें कणीस आणि वरीचे तांदूळ एवढें मात्र चालतें. आमच्या मातोश्री हें व्रत करीत असत. बाजारांतून आणलेली वरी कोणाच्या नांगराखालून आली, हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं, व त्यांनींही वाण्याला विचारलें नाहीं. ती मिश्र भाजी आम्हां मुलांना मनापासून आवडे, आणि बैलाला मिळालेल्या एका दिवसाच्या विश्रांतीचा आनंद बैलाहून आम्हांसच अधिक होई.

या नियमामागील कल्पना फार जुनी आहे. नांगरलेल्या भूमींत पिकणाऱ्या धान्यास संस्कृतांत 'कृष्टपच्य' म्हणतात. या शब्दाची सिद्धि पाणिनीच्या सूत्रांत आलेली आहे. नांगर न लागतां पिकणारें तें 'अकृष्टपच्य'. वानप्रस्थानें नांगरटीचें अन्न खाऊं नये, असा दंडक मनुस्मृतींत आहे. तेव्हां ऋषींच्या नांवानें पाळावयाच्या दिवशीं ऋषींचाच आहार घ्यावा, हें ओघानेंच आलें. परंतु या व्रताची चिकित्सा करणें हा आमचा आजचा हेतु नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. जें अन्न आपण वर्षांतून एक दिवस पुण्य म्हणून खातों, तसलेंच अन्न वर्षभर गरज म्हणून खाणारीं माणसें आपल्याच जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं. त्यांच्या शेतीची दखल आपल्या इतिहासानें किती घेतली?

हीं माणसें पाहावयाचीं तर सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत जावें. कऱ्हाडाहून कोयनेच्या कांठाकांठानें पश्चिमेस निघालें कीं, सुमारें पस्तीस किलोमीटरांवर पाटण लागतें. येथें केरा नदी कोयनेस मिळते. पाटणच्या पुढें खोरें अरुंद होत जातें, डोंगर जवळ येतात, आणि हेळवाक व कोयनानगर ओलांडून कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर गेलें कीं, खालीं चिपळूणचें कोंकण दिसूं लागतें. एकाच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यांत वर्षाला सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोयनानगरास तो ४,००० ते ५,००० मिलिमीटरांच्या घरांत जातो. इतक्या पावसांत ज्वारी येत नाहीं. भात येतो, पण भाताला सपाट खाचर पाहिजे, आणि या भागांत सपाट जागा थोडी. बाकी राहतात ते उतार. त्या जमिनीला महसुलाच्या भाषेंत 'वरकस' म्हणतात. तिच्यावर जीं पिकें निघतात, तीं म्हणजे नाचणी व वरी.

नाचणी मूळची आफ्रिकेंतील इथिओपिया व युगांडा यांच्या उंच प्रदेशांतली. समुद्र ओलांडून ती हिंदुस्थानांत आली, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अशी रुजली कीं, आज तिला परकी म्हणणें कोणास सुचणार नाहीं. तिचा दाणा मोहरीएवढा; हजार दाणे तोलले तर अडीच ग्रॅमांच्या आसपास भरतात. एवढ्या बारीक दाण्याचें पीक तीव्र उतारावर कसें घेतात, हें शहरांतल्या वाचकांस बहुधा ठाऊक नसेल; म्हणून तें थोडक्यांत सांगतों.

उन्हाळ्यांत झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर एका लहानशा तुकड्यावर पसरून जाळतात. यास राब म्हणतात. या जाळण्यानें तणाचें बीं मरतें व राखेचें खत मिळतें. मृगाचा पाऊस पडतांच त्या राखेंत नाचणी पेरतात. महिनाभरांत रोपें वीतभर होतात. मग भर पावसांत, डोक्यावर इरलें घेऊन, बायका तीं उपटतात आणि उतारावर नेऊन लावतात. जेथें उतार सौम्य आहे तेथें बैल चालतो; जेथें तो तीव्र आहे तेथें कुदळ, टोकदार काठी आणि माणसाची बोटें एवढींच औजारें. श्रावण-भाद्रपदांत खुरप्यानें भांगलण. आश्विन-कार्तिकांत कणसें पिकतात. पण सारीं एकदम पिकत नाहींत, म्हणून पिकेल तसतशीं दोन-तीन वेळां खुडावीं लागतात. खुडलेलीं कणसें कांहीं दिवस ढीग घालून उबवितात, मग वाळवून काठीनें बडवितात, वाऱ्यावर उफणतात व सुपानें पाखडतात. एकाच जागीं वर्षानुवर्षें हें पीक निघत नाहीं. पहिल्या वर्षीं नाचणी, पुढें वरी, त्यापुढें कारळा किंवा तीळ, आणि मग कित्येक वर्षें त्या तुकड्याला विसांवा, असा जुना क्रम होता.

कांहीं वर्षांपूर्वीं कार्तिकांत पाटणच्या पश्चिमेकडील एका वाडींत आमचा मुक्काम झाला. ज्या घरीं उतरलों होतों त्याच्या मागें दोन-तीन गुंठ्यांचा एक तुकडा होता, आणि घरांतील वृद्ध आजी तेथें नाचणी खुडीत होत्या. आम्हीं त्यांच्याकडून विळा मागून घेतला. मूठभर कणसें खुडतों न खुडतों तोंच त्या म्हणाल्या, "हात जपा, गुरुजी. इळा हाय त्यो, लेखणी न्हवं." तासाभरानें आमची पाठ भरून आली आणि टोपलीचा तळही झांकला नव्हता. आजींची टोपली तोंवर दोनदां भरून रिकामी झाली होती. पिकलेलें कणीस त्या रंगावरून नव्हे, तर बोटांच्या स्पर्शावरून ओळखीत. हें कोणीं शिकविलें, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांना प्रश्नच समजला नाहीं.

असल्या धान्याची थट्टा ही केवळ आपल्याच समाजांत झाली असें नाहीं. डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशांत ओट या धान्याची व्याख्या करतांना, इंग्लंडांत तें घोड्यांना घालतात व स्कॉटलंडांत त्यावर माणसें जगतात, अशा आशयाचा टोमणा मारला. ओट हें मुळांत गव्हाच्या व जवाच्या शेतांतलें तण. उत्तरेकडील थंड व ओल्या हवेंत गव्हानें हात टेंकले, तण टिकलें, आणि तेथल्या माणसानें त्या तणाचेंच पीक केलें. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत जेथें घोड्याचा नांगर चालेना, तेथें कुळें 'कॅसक्रोम' नांवाच्या वांकड्या औजारानें, पायाचा जोर देऊन, जमीन उकरीत आणि विळ्यानें ओट कापीत. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांना मेंढ्यांचीं कुरणें अधिक किफायतशीर वाटूं लागलीं व त्या खोऱ्यांतून कुळें उठविलीं गेलीं. जॉन्सन यांचा टोमणा आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. कॅसक्रोमचें नांव त्यांतील कोणीं ऐकलेलें नसतें.

पाटणच्या डोंगरांचेंही असेंच झालें. आपल्या इतिहासाचीं मुख्य साधनें म्हणजे सरकारी कागद. आणि सरकारची दृष्टि ज्या जमिनींतून सारा येतो तिच्यावर. जुन्या मराठी कागदांतून जमीन बिघे व चाहूर या मापांनीं मोजलेली आढळते; पण काठीनें भोंक पाडून लावलेला आणि तीन वर्षांनीं सोडून दिलेला उतार मापांत कसा बसावा? १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें व इंग्रजी पद्धतीची पाहणी आली. मातीची खोली, रंग व पाणी पाहून जमिनीची आण्यांत प्रत लावणें ही ती पद्धत. तींत वरकसाची प्रत अर्थातच खालची लागे, आणि जो तुकडा लागवडीस अयोग्य ठरे तो पोटखराब्यांत जाई. हिशेबाच्या दृष्टीनें हें रास्त असेल. परंतु ज्याला कागदानें खराबा म्हटलें, त्याला इतिहासकारानेंही खराबा समजावें, हें कांहीं रास्त नव्हे.

पुढें १८७८ सालीं जंगलाचा कायदा झाला. राखीव जंगलांची हद्द ठरली, आणि झाडोरा जाळून, जागा बदलीत करावयाच्या शेतीवर बंधनें आलीं. येथें सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. उघड्या उतारावरची माती पावसानें वाहून जाते, आणि विसांव्याचीं वर्षें कमी झालीं कीं डोंगर बोडका होतो, हें खोटें नाहीं. कोयनेच्या खोऱ्यांत आज जें दाट रान दिसतें, ज्याचें १९८५ सालीं अभयारण्य झालें व ज्याचा २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत समावेश झाला, तें राखलें गेलें याचा आम्हांस आनंदच आहे. पण विसांव्याचा काल कमी कां झाला, हें विचारावयास नको काय? फिरावयाची जागा आंखडली, म्हणून तोच तुकडा पुनःपुन्हां कसावा लागला. आणि मग माती गेल्याचा ठपका कसणाराच्या माथीं बसला.

यानंतरची हकीकत आपल्या सर्वांच्या घरांत पोंचलेली आहे. स्वातंत्र्यानंतर हेळवाकच्या वर कोयनेला धरण बांधलें गेलें, आणि १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत खोरें भरलें. त्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. त्याचें पाणी डोंगराच्या पोटांतून पश्चिमेकडे उतरवून वीज करतात. शंभराच्या आसपास गांवें या जलाशयानें विस्थापित झालीं. त्यांतील कांहीं कुटुंबें डोंगरावर सरकलीं. कांहीं सांगली, सोलापूर, ठाणें, कुलाबा, रत्नागिरी या जिल्ह्यांत गेलीं. सोलापुराकडे गेलेल्या कुटुंबाला जमीन मिळाली, तरी तिच्यावर ज्वारीच येणार. ज्या आजीला पिकलेलें कणीस बोटांना कळत होतें, तिचें तें ज्ञान पठारावर कोणाच्या कामाचें? जमिनीची भरपाई सरकारला कागदावर मांडतां आली. या ज्ञानाची नोंद कागदावर कधींच नव्हती, म्हणून तें गेल्याचीही नोंद झाली नाहीं.

आम्ही धरणाचे विरोधक नाहीं. पन्नाशी उलटलेल्या आमच्या पिढीनें परीक्षेचा अभ्यास ज्या दिव्याखालीं केला, त्यांत कोयनेच्या विजेचा वांटा मोठा होता. म्हणूनच हें लिहिण्याचें ऋण आम्हांवर आहे असें आम्हांस वाटतें.

काळाची गंमत अशी कीं, ज्या धान्याला आम्ही काळी भाकर म्हणून नांवें ठेवीत होतों, त्याला आतां मान मिळूं लागला आहे. २०१८ सालीं भारत सरकारनें या धान्यांना पौष्टिक धान्य असें नांव दिलें. भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो, तांदळांत त्याचा तिसावा हिस्साही नसतो, हें आतां सुशिक्षित गृहिणी सांगूं लागल्या आहेत. नाचणीला कीड लागत नाहीं, ती वर्षानुवर्षें टिकते, म्हणून दुष्काळासाठीं ती कणगींत राखून ठेवावी, हें डोंगरांतल्या बाईला कोणीं सांगावें लागलें नव्हतें. आमच्या न्याहारीच्या टेबलावर आज ओटची पुडी आहे आणि नाचणीचीही. घोड्यांचें खाणें व डोंगऱ्यांचें खाणें, दोन्ही एका फळीवर आलीं. धान्याची अप्रतिष्ठा गेली हें उत्तमच झालें. पण ज्यांच्या हातांनीं तें टिकविलें, त्यांची प्रतिष्ठा त्याबरोबर वाढली काय? वाडींतली तरुण मुलें मुंबईस गेलीं. राखण करावयास माणूस नाहीं, म्हणून उभें पीक रानडुकरें खातात. आणि कित्येक उतार नुसते गवताखालीं पडून आहेत.

यावर उपाय सांगण्याचा अधिकार आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला नाहीं. परंतु एक काम आमच्या हातचें आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतील विद्यार्थी आमच्या वर्गांत बसतात. सुटींत घरीं गेल्यावर त्यांनीं आपल्या आजीजवळ बसावें; राब केव्हां भाजीत, कोणता उतार किती वर्षें सोडीत, नाचणीच्या कोणत्या जाती लावीत, कोणत्या वर्षीं काय खाऊन दिवस काढले, हें तिच्या शब्दांत लिहून आणावें. तेंही इतिहासाचें साधनच होय, आणि सरकारी दप्तराप्रमाणें तें कपाटांत थांबून राहणारें नाहीं. आम्हीं ज्यांच्याबरोबर कणसें खुडलीं त्या आजी आतां हयात नाहींत. बोटांनीं कणीस ओळखण्याची खूण त्यांनीं आम्हांस दोनदां दाखविली होती. ती आम्हांस साधली नाहीं, आणि त्या घरांत आतां ती साधलेलें कोणी नाहीं.