गोठलेल्या वायूतला हिरवा उजेड

आर्गॉन, निऑन असे राजवायू गोठवून त्यांत परक्या मूलद्रव्याचे तुरळक अणू कोंडायचे आणि त्यांचा उजेड तपासायचा, या पद्धतीला ‘मॅट्रिक्स आयसोलेशन’ म्हणतात. नाव १९५४ सालचे. उजेड त्याच्या तीस वर्षे आधीचा.

नॉर्वेचा लार्स व्हेगार्ड ध्रुवीय प्रकाशाच्या वर्णपटातल्या ठळक हिरव्या रेषेच्या मागे होता. ही ५५७.७ नॅनोमीटरची रेषा कशाची, ते उलगडत नव्हते. वातावरणात फार उंचावर नायट्रोजनचे गोठलेले कण असावेत, हा त्याचा तर्क. १९२४ मध्ये लायडनच्या शीतप्रयोगशाळेत त्याने गोठवलेल्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला. नायट्रोजन हिरवा उजळला आणि मारा थांबल्यावरही काही वेळ उजळतच राहिला. तर्क मात्र फसला. ध्रुवीय रेषा ऑक्सिजनच्या अणूची, हे पुढच्याच वर्षी टोरोंटोत मॅक्लेनन आणि श्रम यांनी दाखवले. व्हेगार्डला दिसलेला उजेड ५२३ नॅनोमीटरच्या आसपासचा, घनात अडकलेल्या सुट्या नायट्रोजन अणूंचा होता. मोकळा नायट्रोजन अणू मिळालेली ऊर्जा कित्येक तास धरून ठेवतो; शेजाऱ्यांच्या दाटीत ती फार लवकर सुटते.

१९५४ मध्ये वॉशिंग्टनला ब्रॉइडा आणि पेलम यांनी विद्युत्‌विसर्जनातून आलेला नायट्रोजन ४.२ केल्व्हिनला गोठवला, तेव्हा तोच हिरवा उजेड पुन्हा दिसला. अशा अणूंत साठलेली ऊर्जा रॉकेटला इंधन म्हणून वापरता येईल, या आशेने अमेरिकेत १९५६ ते १९५९ मोठे संशोधन चालले. इंधन काही हाती आले नाही. त्याच १९५४ मध्ये बर्कलीत व्हिटल, डाउज आणि पिमेंटेल यांनी पद्धतीचे बारसे केले. ‘मॅट्रिक्स’ म्हणजे मुळात गर्भाशय. पाहुणा अणू हजारात एखादाच ठेवायचा, म्हणजे त्याला जोडीदार सापडत नाही; आणि यजमान राजवायू असला की तोही त्याच्याशी संयोग पावत नाही.

सगळे अडते थंडीपाशी. शिरूर अनंतपाळसारख्या गावात जनावरांच्या दवाखान्यात गोठित रेतमात्रा ज्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. आर्गॉन उणे १८९ लाच गोठतो, म्हणजे त्या पात्रातही तो घट्ट होईल. पण इतक्या ‘उबेत’ कोंडलेले अणू सरकतात, एकमेकांना गाठतात. त्यांना जागच्या जागी ठेवायला साधारण ३० केल्व्हिनच्या खाली जावे लागते आणि तिथवर नेतो तो हेलियम. त्याची ओळखही एका रेषेनेच पटली, पिवळ्या. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला असे कोकणात अभिमानाने सांगतात. पण या शोधाचे श्रेय ज्या दोन खगोलशास्त्रज्ञांना देतात, त्यांपैकी लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि ज्याँसाँ गुंटूरला.

कोंडलेला अणू उजळतो तेव्हा त्याचा रंग मात्र त्याचा एकट्याचा राहत नाही. ऊर्जा मिळताच त्याचा इलेक्ट्रॉन-ढग फुगतो, भोवतालचे अणू जरा मागे सरतात, त्यात थोडी ऊर्जा खर्च होते आणि उरलेलीच प्रकाश होऊन बाहेर पडते. सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा ओळखीचा पिवळा म्हणूनच आर्गॉनच्या पिंजऱ्यातून तांबड्याकडे झुकून येतो. क्रिप्टॉन किंवा झेनॉनमध्ये हा झुकाव आणखी वेगळा.