अलॉय व्हील घेताना चाक उलटे करून का बघावे?

अॅक्सेसरीजच्या दुकानात अलॉय व्हील पुढची बाजू दाखवत टांगलेली असतात. गिऱ्हाईक डिझाइन बघते, रंग बघते आणि भाव करते. पण चाक गाडीला बसेल का आणि खड्ड्यात टिकेल का, हे सांगणारे आकडे बहुधा मागच्या बाजूला, स्पोकच्या आतल्या अंगाला असतात. म्हणून चाक भिंतीवरून खाली उतरवून घ्यावे.

मागे '६ जे × १५' असे लिहिलेले असेल, तर रिमची रुंदी ६ इंच आणि व्यास १५ इंच. 'ईटी'पुढचा आकडा म्हणजे ऑफसेट. तो कंपनीच्या चाकापेक्षा बराच कमी असेल तर चाक फेंडरबाहेर येते आणि बेअरिंगवर ताण पडतो. बराच जास्त असेल तर आत सस्पेन्शनला घासू शकते.

पीसीडी म्हणजे नटांची होल ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्टचा ४ × १००, क्रेटाचा ५ × ११४.३. चार होल दिसली म्हणून कोणतेही चार होलचे चाक बसत नाही. मधले भोक गाडीच्या हबपेक्षा मोठे असेल तर हब रिंग लागते. ती नसेल तर वेगात स्टेअरिंग थरथरू शकते आणि गिऱ्हाईक उगीच बॅलन्सिंगला पैसे घालत राहते.

यात सर्वांत कमी विचारला जाणारा आकडा भारक्षमतेचा, म्हणजे 'मॅक्स लोड'. माणसे आणि सामान धरून गाडीचे कमाल वजन १,४०० किलो असेल, तर प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलो येतात. पण इंजिन पुढे असल्याने पुढच्या चाकांवर जास्त वजन असते, ब्रेक मारताना तर आणखी. त्यामुळे नेमके ३५० किलोचे चाक पुरत नाही. हा आकडाच नसलेले चाक कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे.

दर्जाच्या खुणांबाबत थोडी सावधगिरी हवी. 'जेडब्ल्यूएल' हे जपानी मानक आहे, पण ते पाळल्याचे निर्माता स्वतःच जाहीर करतो. 'व्हीआयए' ही त्रयस्थ तपासणीची खूण. भारतात कारच्या चाकांसाठी 'आयएस ९४३६' हे मानक आहे. रिमवर आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो. नामांकित ब्रँडच्या डिझाइनची नक्कल करणारी 'रेप्लिका' चाके सर्रास मिळतात. नक्कल करणारा खुणाही उमटवू शकतो, म्हणून पक्के बिल हवेच.

बनावटीत ओतीव चाके स्वस्त असतात, फ्लो फॉर्म्ड त्याहून हलकी आणि मजबूत, तर फोर्ज्ड सर्वांत महाग. रोजच्या गाडीला चांगले ओतीव चाक पुरते. वेल्डिंग केलेले जुने रिम मात्र फुकट मिळाले तरी नको.

मोठ्या चाकाचा मोह इथल्या रस्त्यांवर महागात पडतो. १६५/८० आर१४ ऐवजी १९५/५५ आर१६ टायर घातला तर एकूण उंची जवळपास तेवढीच, साधारण ६२० मिलिमीटर राहते. पण टायरची भिंत १३२ मिलिमीटरवरून १०७ वर येते. खड्ड्याचा धक्का सोसणारे रबर तेवढे घटते आणि रिमला बाक येण्याचा धोका वाढतो. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, तिथे थांबणे शहाणपणाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ तपशिलाबाहेरचे बदल अडचणीचे ठरू शकतात. विमा कंपनीलाही लेखी कळवावे, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

बसवताना नट टॉर्क रेंचने आवळून घ्यावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. नटांचे आटे गाडीनुसार बदलतात, मारुतीचे १.२५ तर ह्युंदाईचे १.५ मिलिमीटर पिचचे. अलॉयसाठी वेगळे नट दिले असतील तर जुने दुकानात सोडून येऊ नयेत. डिकीतली स्टेपनी लोखंडी रिमची असते आणि रात्री हायवेवर ती लावायची वेळ आली तर तिला तेच जुने नट लागू शकतात.