सहकाऱ्यांमधील मैत्री : डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या पहिल्या दशकाचा एक विचार

प्रास्ताविक
टिळक-आगरकर मतभेदांची चर्चा बहुधा ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादाच्या अंगाने होते. परंतु हे दोघे एकाच संस्थेत शिकविणारे सहकारीही होते. सहकाऱ्यांमधील स्नेह कशाने जुळतो व कशाने दुरावतो, या दृष्टीने त्या संस्थेचा प्रारंभकाळ पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मैत्रीतून संस्था
डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच टिळक व आगरकर यांनी सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्यास वाहून घेण्याचे ठरविले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, एम.ए. होताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करणारे आजीव सभासद हा या संस्थेचा कणा होता.

मतभेदाचे स्वरूप
‘त्याग’ हा शब्द सर्वांना मान्य होता. त्याचा अर्थ मात्र प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरचे उद्योग करू नयेत, असा टिळकांचा आग्रह होता. कर्तव्य पार पाडल्यावर उरलेल्या वेळेचा मालक ज्याचा तोच, असे इतरांचे म्हणणे होते. वस्तुतः वृत्तपत्रांचे कामही शाळेबाहेरचेच होते. म्हणजे रेषा कोठे आखावी, हाच खरा प्रश्न होता. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपास गेला आणि टिळकांनी सविस्तर पत्र लिहून राजीनामा दिला.

संस्थेतून मैत्री
याच काळात दुसरा एक स्नेह जुळत होता. आगरकरांहून दहा वर्षांनी लहान असलेले गोपाळ कृष्ण गोखले १८८५ साली शाळेत शिक्षक झाले व पुढील वर्षी आजीव सभासद. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला तेव्हा मराठी बाजू आगरकरांनी व इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. हा स्नेह विद्यार्थिदशेतील नव्हता. एकत्र कामातून तो वाढला. कोणाचे काम कोणते, हे येथे पहिल्यापासून स्पष्ट होते.

निष्कर्ष
जुनी मैत्री संस्था उभी करू शकते. परंतु न बोलता गृहीत धरलेल्या अपेक्षांवर ती संस्था चालवू शकत नाही. वेळ, वेतन व बाहेरची कामे यांविषयीचे नियम मित्रांनी आरंभीच मोकळेपणाने ठरविणे हा अविश्वास नव्हे. ते मैत्रीचे रक्षणच होय. १८९५ साली आगरकर निवर्तले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. पाच वर्षांपूर्वी सहकार्य संपले होते, तरी आपल्या जुन्या सोबत्याची योग्यता टिळक विसरले नव्हते. अध्यापक-कक्षात नित्य एकत्र बसणाऱ्या आपणा सर्वांना या इतिहासातून घेता येण्याजोगे ते हेच.