कोपनहेगन, १९५२ : एका आकड्याचे दोन अर्थ

पोलिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कॅलिपर लावून चालणारा एखादा मुलगा, किंवा रविवारच्या बूथवरचे ते दोन थेंब. पाय बारीक राहतो, हाड नीट वाढत नाही, पाठीचा कणा वाकतो, हे सगळं खरंच आहे. पण पोलिओने जी माणसं मेली ती पायाने नाही, श्वासाने मेली. विषाणू मज्जारज्जूत आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मज्जापेशी मारतो, आणि तिथे छातीचे नि गिळण्याचे स्नायू चालवणाऱ्या पेशी सापडल्या की खेळ काही दिवसांत आटोपतो. रोगी पूर्ण शुद्धीवर असतो आणि स्वतःच्याच लाळेत बुडत असतो.

आजचा विषय आहे १९५२ सालच्या कोपनहेगनच्या साथीचा. डॉक्टर मंडळींना ही गोष्ट अतिदक्षता विभागाच्या जन्माची म्हणून माहीत असते. मला ती आवडते वेगळ्याच कारणासाठी. माझ्या मते ही डीबगिंगची गोष्ट आहे, आणि तीही प्रॉडक्शनमध्ये, माणसं मरत असताना केलेल्या.

तर झालं काय, की त्या वर्षी जुलैपासून शहरातल्या ब्लेगडॅम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात पोलिओचे रोगी यायला लागले. गर्दीच्या दिवसांत रोज पन्नासच्या आसपास. डिसेंबरपर्यंत एकूण २,७२२ जण दाखल झाले आणि त्यातल्या ३१६ जणांचा श्वास किंवा श्वासमार्ग लुळा पडला होता. आणि रुग्णालयाकडे यंत्रं किती? एक 'आयर्न लंग' आणि छातीवर बसवायची सहा कवचं. आयर्न लंग म्हणजे फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी १९२८ मध्ये बॉस्टनमध्ये पुढे आणलेली पेटी. माणूस आत, डोकं बाहेर, आणि पेटीतली हवा खेचून छाती फुगवायची. ज्याचे फक्त छातीचे स्नायू गेलेत त्याला ती उपयोगी. ज्याचं गिळणंही गेलंय, त्याच्या घशातली लाळ ती सरळ फुप्फुसात ओढते. पहिल्या तीन-एक आठवड्यांत अशा ३१ रोग्यांना यंत्रावर ठेवलं गेलं. त्यातले २७ गेले.

विभागप्रमुख होते एच. सी. ए. लासेन. अनुभवी माणूस, मूर्ख अजिबात नव्हे. त्यांच्या टीमचं निदान असं होतं की विषाणू मेंदूतच इतका खोलवर पोचलाय की आता काही करणं शक्य नाही. पुरावाही होता. मरणाऱ्या रोग्याला घाम सुटायचा, रक्तदाब चढायचा, मग अचानक कोसळायचा. आणि प्रयोगशाळा सांगत होती की रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, भरमसाट वाढलाय. बायकार्बोनेट हा अल्कधर्मी पदार्थ. म्हणजे रक्त अल्कधर्मी झालंय, कारण अज्ञात. केस बंद.

इथेच मोगेन्स ब्यर्नबो या डॉक्टरने एक सूचना केली : भूलतज्ज्ञाला बोलवा. आज यात काही विशेष वाटत नाही, पण त्या काळी भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला माणूस, सर्जन सांगेल तेव्हा मास्क धरणारा. त्याचं साथीच्या वॉर्डात काय काम? लासेनना ही कल्पना फारशी रुचली नव्हती म्हणतात, पण त्यांनी बोलावलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आले ब्यर्न इब्सेन. बॉस्टनला शिकून आलेले, वय ३६-३७.

२५ ऑगस्टला इब्सेननी केस पेपर आणि शवविच्छेदनं पाहिली आणि त्यांना वाटलं की ही फुप्फुसं काही इतकी खराब नाहीत, यात हवा भरता आली असती. मग तो आकडा. त्यांचं म्हणणं होतं की तुम्ही हा आकडा उलटा वाचताय. रोगी हवा बाहेर टाकू शकत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड साचतोय. तो पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं, आणि त्याच वेळी बायकार्बोनेटही वाढतं. रक्त अल्कधर्मी नाही, आम्लधर्मी झालंय. घाम, रक्तदाब, कोसळणं ही साचलेल्या वायूची लक्षणं आहेत, मेंदू गेल्याची नव्हेत.

म्हणजे बघा, लॉगमध्ये एकच ओळ, आणि तिला दोन अगदी विरुद्ध कारणं लागू पडतायत. एका कारणाने रोगी वाचवण्यापलीकडे, दुसऱ्याने तो सहज वाचण्यासारखा. फरक कळायला रक्ताचा पीएच मोजायला हवा, आणि तो तिथे कोणी नेमाने मोजत नव्हतं. वर आणखी एक गोची. रोग्यांना ऑक्सिजन दिला जात होता, त्यामुळे ते निळे पडत नव्हते, गुलाबी दिसत होते. ऑक्सिजन ठीक असला म्हणजे श्वास ठीक आहे असं नव्हे. (२०२१ मध्ये आपण घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले, तेही कार्बन डायऑक्साइडबद्दल अवाक्षर सांगत नाहीत.)

२७ ऑगस्टला प्रात्यक्षिक झालं. रोगी १२ वर्षांची मुलगी, हातपाय लुळे, चाळीसच्या वर ताप, गुदमरत होती. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली, पण ती धडपडत होती, श्वासनलिका आकुंचन पावल्या होत्या, पिशवी दाबूनही हवा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून निघून गेले. शेवटी इब्सेननी तिला पेंटोथाल दिलं. तिची धडपड थांबली, स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि आता हाताने पिशवी दाबून छाती फुगवता आली. कार्बन डायऑक्साइड खाली आला. मग तिला मुद्दाम कवचाच्या यंत्रावर ठेवलं तर तो पुन्हा चढला. परत पिशवी, परत उतरला. अज्ञात कारणाचा तो 'अल्कधर्म' हवा भरताच गायब! प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी लगोलग रेडिओमीटर या कोपनहेगनच्याच कंपनीचं उपकरण आणून पीएच मोजला. तो कमी होता. इब्सेन बरोबर होते.

आता उपाय माहीत झाला, पण यंत्रं नव्हती. मग हात वापरले. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखांचे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसले आणि रबरी पिशव्या दाबत राहिले. एका वेळी ७० रोगी अशा अवस्थेत होते. एकूण हिशोब भरला १,६५,००० तासांचा. (मी गुणाकार-भागाकार केला : न थांबता दाबत राहिलं असतं तर जवळजवळ १९ वर्षं.) किती जोरात दाबायचं, किती वेळा, हे सांगायला मॉनिटर नव्हता. विद्यार्थी मुलांचे डोळे आणि ओठांच्या हालचाली वाचायचे, त्यांना गोष्टी वाचून दाखवायचे. काही रोगी तरीही गेले, आणि तेव्हा पिशवी कोणाच्या तरी हातातच होती. विशीतल्या पोरांनी हे कसं पेललं असेल, मला कल्पना करवत नाही.

पूर्वी यातले दहापैकी आठ-नऊ जण दगावत. आता ते प्रमाण निम्म्याखाली आलं आणि पुढे साधारण चारात एकापर्यंत उतरलं. यात नियंत्रण गट नव्हता. आजच्या भाषेत ही फक्त 'आधी आणि नंतर'ची तुलना, आणि साथीचा जोर, सुरुवातीचे रोगी जास्त आजारी असणं वगैरे शंका घेता येतात. चिठ्ठ्या टाकून उपचार ठरवायची पद्धत तेव्हा माहीत होती. ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पण अर्ध्या मुलांची पिशवी मुद्दाम काढून घ्यायची? माझं मत विचाराल तर त्या मुलीवर केलेला चढ-उतार, हवा द्या, काढा, परत द्या, हाच पुरेसा पुरावा होता.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेननी कोपनहेगनच्या नगर रुग्णालयात कायमचा अतिदक्षता विभाग सुरू केला. स्वीडनमध्ये एंगस्ट्रॉम यांच्या यंत्राने विद्यार्थ्यांचे हात मोकळे केले. आस्ट्रुप पीएच मोजण्याच्या मागेच लागले आणि त्यातून रक्तवायूंची तपासणी रोजच्या कामाची झाली. आज कोणी आयसीयूत असेल तर 'एबीजी' नावाचा एक कागद मिळतो, त्यावर पीएच आणि कार्बन डायऑक्साइड शेजारी शेजारी छापलेले असतात. आणि ती मुलगी? लुळीच राहिली, श्वासाला शेवटपर्यंत आधार लागला, पण १९७१ पर्यंत जगली.