इब्न बतूताचे किल्वा आणि वीस माणसे

इब्न बतूताचे नाव निघाले की आपल्या वर्गांतून दिल्लीचा मुहम्मद तुघलक आणि दौलताबाद एवढेच समोर येते. फार तर हिनौर, म्हणजे आजचे होन्नावर, येथे त्याने मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या, हा उल्लेख आपण शिक्षणविषयक भाषणांत आवर्जून करतो (मीही अनेकदा केला आहे). परंतु हिंदुस्थानात येण्यापूर्वी, इ. स. १३३१ च्या सुमारास, हा मोरोक्कोचा तरुण मोगादिशूहून दक्षिणेस निघून किल्वा बेटापर्यंत गेला होता. हे बेट आज टांझानियात आहे. त्याच्या सफरनाम्यात किल्वाला मोजकीच पाने मिळाली आहेत आणि ती एका दानशूर सुलतानाच्या हकिकतीसाठी प्रसिद्ध आहेत. ती हकिकत आपण जशी सांगतो तशीच सांगत राहावी काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

किल्वाचे वैभव वाऱ्यावर उभे होते. हिवाळ्यातील ईशान्य मोसमी वारे अरबस्तान व गुजरातकडील जहाजे खाली आणत आणि नैऋत्य वारे सुरू झाले की ती परत फिरत. एकाच मोसमात जाऊन येण्याची मर्यादा साधारण किल्वापाशी संपे. त्याहून दक्षिणेला सोफाला हे बंदर होते. आजच्या झिंबाब्वेच्या पठारावरील सोने तेथे उतरे आणि त्या व्यापारावर किल्वाच्या सुलतानांचा ताबा होता. सोने व हस्तिदंत बाहेर जाई; हिंदी कापड, काचेचे मणी आणि चिनी भांडी आत येत. सुलतान तांब्याची नाणी पाडीत. त्यांच्या एका बाजूला सुलतानाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला त्या नावाशी यमक साधणारे ईशस्तुतीचे शब्द असत. उर्दू शिकवणाऱ्याला नाण्यावर काफिया सापडावा, याचा आनंद काही निराळाच!

शहर अत्यंत सुंदर आहे, असे इब्न बतूता म्हणतो; मात्र ते सारे लाकडाचे असून घरांची छपरे बोरूसारख्या गवताची आहेत, असेही लिहितो. उत्खनन वेगळे सांगते. समुद्रातील प्रवाळाचा दगड आणि प्रवाळ भाजून केलेला चुना वापरून बांधलेली मोठी मशीद तेथे आधीपासूनच उभी होती. नेव्हिल चिटिक यांनी उजेडात आणलेला ‘हुसुनी कुब्वा’ हा शंभराहून अधिक दालनांचा, अष्टकोनी हौदाचा राजवाडा ज्याचा मानला जातो, त्याच सुलतान अल्-हसन बिन सुलेमानचा हा प्रवासी पाहुणा होता. तरीही राजवाड्याबद्दल अवाक्षर नाही. सफरनामा सुमारे पाव शतकानंतर, १३५५ च्या सुमारास, स्मरणातून सांगून लिहविला गेला हे त्याचे एक कारण असावे. दुसरे असे की, सामान्य लोकांची घरे खरोखरच लाकूड-मातीची होती. त्यामुळे त्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये.

हे लोक कोण होते? बहुसंख्य रहिवासी काळ्या वर्णाचे, चेहऱ्यावर व्रणांच्या खुणा असलेले आणि शाफई पंथाचे आहेत, असे इब्न बतूता स्पष्ट लिहितो. किल्वाची बखर मात्र शीराझहून आलेल्या अली बिन हसनपासून आरंभ करते. त्याने बेटाला वेढा घालता येईल इतके कापड देऊन ते विकत घेतले, अशी तिची कथा. वसाहतकालीन युरोपीय विद्वानांनी या कथेवरून सारी संस्कृतीच बाहेरची ठरवली. पुढे पुरातत्त्वज्ञांनी तिची आफ्रिकी मुळे दाखवून दिली. २०२३ साली या किनाऱ्यावरील मध्ययुगीन दफनांच्या जनुकीय अभ्यासात मातृकुळ प्रामुख्याने आफ्रिकी, तर पितृकुळात मोठा इराणी अंश आढळला. म्हणजे बखर अगदीच पोकळ नव्हती. पण तिने आयांना वगळले होते. भाषा याची साक्ष देते. स्वाहिलीने अरबी ‘किताब’ घेऊन ‘किताबू’ केले आणि आपल्या व्याकरणाप्रमाणे त्यातील ‘कि’ हा उपसर्ग मानून अनेकवचन ‘विताबू’ असे बनवले. शब्द पाहुणा, घर मात्र आफ्रिकेचे. वंशावळ अरबस्तान-इराणपर्यंत नेल्यावाचून समाधान न होणाऱ्या घराण्यांचे आपल्याकडेही काय कमी आहे?

आता ती हकिकत. दातृत्वामुळे ‘अबुल मवाहिब’ म्हणून ओळखला जाणारा सुलतान जुम्याच्या नमाजानंतर परतत असता एका येमेनी फकिराने त्याच्या अंगावरचे कपडे मागितले. सुलतानाने खतीबाच्या घरात जाऊन ते उतरवून दिले. युवराजाने ते कपडे फकिराकडून परत घेतले आणि बदल्यात दहा गुलाम दिले. लोक वाखाणणी करीत आहेत हे कळताच सुलतानाने आणखी दहा गुलाम व हस्तिदंताचे दोन भार दिले. तेथे देणगी बहुधा हस्तिदंताची असे, सोने क्वचितच दिले जाई, अशी टीपही प्रवाशाने जोडली आहे.

वर्गात मी ही गोष्ट अनेक वर्षे औदार्याचा नमुना म्हणून सांगितली. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या वीस जणांचं पुढे काय झालं?” मूळ मजकूर पुन्हा उघडला. तेथे गुलामांची गणती ‘रास’ म्हणजे ‘डोकी’ अशी आहे. उर्दूत हा शब्द आपण घोडे-बैल मोजताना वापरतो. हे लोक कोठून आले असतील, याचा धागा त्याच प्रकरणात थोडा आधी आहे. सुलतान शेजारच्या मुलखावर स्वाऱ्या करी, लूट आणी आणि तिचा पाचवा हिस्सा धर्माने सांगितलेल्या कामांसाठी बाजूला ठेवी. हिजाज व इराककडील सय्यद तो घ्यायला येत. धर्मशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या प्रवाशाला हा हिशेब चोख वाटला. लुटलेल्या गावाबद्दल त्याला काही विचारावेसे वाटले नाही. त्याला आजच्या न्यायासनासमोर उभे करावे असे मी म्हणत नाही. पण शिकवणारे आपण आज आहोत.

पुढची दुर्दशा पोर्तुगीजांनी केली. १५०२ मध्ये वास्को द गामाने जबरदस्तीने वसूल केलेल्या खंडणीच्या सोन्यातून लिस्बनमध्ये १५०६ साली घडवलेले बेलेंचे पूजापात्र तेथील संग्रहालयात आहे. पुढे गोवा ज्यांच्या राजधानीचे शहर झाले त्या व्हाइसरॉयांपैकी पहिला, फ्रान्सिस्को द आल्मेदा, याने १५०५ मध्ये हिंदुस्थानच्या वाटेवरच किल्वा लुटले. हे आपण आवेशाने शिकवतो आणि शिकवावेच. त्याच किल्वाच्या सुलतानाने १७७६ साली मोरीस या फ्रेंच व्यापाऱ्याशी वर्षाला एक हजार गुलाम पुरवण्याचा करार केला, हे मात्र आपल्या टिपणांत नसते.

अबुल मवाहिबच्या मागून त्याचा भाऊ दाऊद गादीवर आला. देणारा गेला आणि मागे काही ठेवून गेला नाही, असे तो याचकांना सांगे. ते महिनोन्महिने ताटकळत, थोडेसे मिळवून परत जात, आणि शेवटी येईनासे झाले. येथे किल्वाचे प्रकरण संपते आणि प्रवासी जफारकडे जाणाऱ्या जहाजात बसतो. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर देणारी ओळ मला सफरनाम्यात सापडली नाही. गोष्ट सांगताना आता मी तिचा प्रश्नही सांगतो.