कॅकेक्सिया, कर्करोगजन्य

कर्करोगात रुग्णाचे स्नायू व चरबी झपाट्याने झिजण्याची अवस्था. शब्द मूळ ग्रीक, अर्थ 'वाईट स्थिती'. मराठीत 'क्षय' हा शब्द नेमका बसला असता, पण तो टीबीने केव्हाच बळकावला. म्हणून डॉक्टर 'कॅकेक्सिया' म्हणतात आणि घरचे 'पार खंगला' म्हणतात. २०११च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणे ही तिची मुख्य खूण होय.

ही उपासमार नव्हे. उपाशी शरीर आधी चरबी खर्चते आणि स्नायू होता होईतो राखते. येथे दोन्ही एकदम जातात व नुसते खाणे वाढवून झीज पुरती भरून निघत नाही. 'जेवत नाही म्हणून खंगला' हे घरगुती निदान त्यामुळे अर्धेच खरे.

चरबी वितळवणारा गुन्हेगार १९८५मध्ये सापडल्यासारखा वाटला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस बॉयट्लर व अँथनी सेरामी यांनी वेगळे केलेले 'कॅकेक्टिन' हे प्रथिन म्हणजे आधीच माहीत असलेला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर निघाला. मात्र त्याला रोखणारी औषधे संधिवातात लागू पडली, कॅकेक्सियात नाहीत.

अधिक मोलाचा धागा ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मिळाला. रुडोल्फ झेक्नर यांच्या गटाने २०११मध्ये चरबी फोडणारे एटीजीएल हे विकर नसलेल्या उंदरांत कर्कपेशी सोडल्या. गाठ वाढली, पण चरबी टिकली. आणि नवल म्हणजे स्नायूही टिकले. चरबीची झीज ही स्नायूंच्या झिजेची केवळ सोबतीण नसून तिला हातभार लावणारी असावी, असे यातून दिसले. हे उंदरांतले, हे विसरू नये. २०१४मध्ये, पुन्हा उंदरांतच, पांढरी चरबी तपकिरी बनून ऊर्जा उष्णतेच्या रूपात उधळते, असेही आढळले.

उपचारांत वजनकाटा फसवा ठरतो. अनामोरेलिन या औषधाने वजन वाढले, मुठीची ताकद वाढली नाही. युरोपने २०१७मध्ये ते नाकारले, जपानने २०२१मध्ये स्वीकारले. भूक मारणाऱ्या जीडीएफ-१५ या प्रथिनाला अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅबचे निष्कर्ष २०२४मध्ये आले : सर्वाधिक मात्रेत १२ आठवड्यांत प्लासिबोपेक्षा सुमारे २.८ किलो अधिक वजन. भारतातील उल्लेखनीय चाचणी पुदुच्चेरीच्या जिपमेरची, २०२३ची. मनोविकारांवरचे जुने, स्वस्त ओलान्झापिन रोज अवघे २.५ मिलिग्रॅम, केमोथेरपीसोबत १२ आठवडे दिले. ते घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. प्लासिबो गटात ९ टक्क्यांचे.