इस्कियाचे ऊन पाणी

"एकट्याच निघालात?" गेल्या वर्षी वैशाखात हा प्रश्न मला निदान वीस जणींनी विचारला असेल. त्यांचेही बरोबर होते. साताऱ्याच्या पेठेत राहणारी, तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, पासष्टी ओलांडलेली बाई एकटी इटलीला निघते, आणि तीही देवदर्शनाला नव्हे, तर आंघोळीला! 'आंघोळीला' हा शब्द माझाच. मुलीने पाठविलेल्या कागदांत 'वेलनेस रिट्रीट' असे होते; त्याचे मराठी मला याहून चांगले करता आले नाही.

मुलगी जर्मनीत असते. तिकडची पुष्कळ माणसे संधिवातासाठी नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर जातात आणि आठ-पंधरा दिवस तेथल्या ऊन पाण्यात बसतात. "आई, तुझे गुडघे सुधारतील," ती म्हणाली. तिला रजा नव्हती. तिने सारी व्यवस्था मात्र करून दिली. गुडघे दुखत होते हे खरे. पण यजमानांना जाऊन सात महिने झाले होते, आदल्या दिवाळीत घरात पणती लागली नव्हती, आणि रात्री उशीवर डोके टेकताना माझ्या मनात काय येत असे, ते मी मुलीलाही सांगितले नव्हते.

नेपल्सहून बोटीने तासा-दीड तासाचा प्रवास. बोट बंदरात शिरली तेव्हा ते बंदर अगदी वाटोळे दिसले, जणू कोणी परात ठेवली आहे. मागाहून कळले की ते एका विझलेल्या ज्वालामुखीचे मुखच आहे. पूर्वी तेथे तळे होते. नेपल्सच्या दुसऱ्या फर्डिनांड राजाने मधली जमीन फोडून ते समुद्राला जोडले आणि १८५४ साली त्याचे बंदर झाले. म्हणजे बेटावर पाऊल ठेवण्याआधीच आपण ज्वालामुखीच्या तोंडात गेलेलो असतो!

स्नानगृहातला क्रम ठरलेला. आधी डॉक्टर रक्तदाब पाहतात. मग अंगाला करड्या, ऊन चिखलाचा लेप, त्यानंतर पाण्यात बसणे, तेही घड्याळ लावून, आणि शेवटी चादर गुंडाळून पडून राहणे. पहिल्या दिवशी पंचा घेऊन आलेल्या परिचारिकेने विचारले, "सिन्योरा, एकट्याच?" पुन्हा तोच प्रश्न! माझा चेहरा पाहून ती हसली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "पंचे किती आणायचे म्हणून विचारते. इथे पुष्कळ जणी एकट्याच येतात."

त्या पुष्कळ जणी कोण, हे शोधण्याचा नाद मला लागला. शिक्षकी पेशाची खोड, दुसरे काय! चिखलात पडून राहायचे तास दोन. उरलेल्या दिवसाचे काय करणार? मी बसमध्ये बसून बेट पालथे घालू लागले.

बेट लहानसेच आहे, सेहेचाळीस चौरस किलोमीटरांचे. पण ग्रीक लोक पश्चिमेकडे वसाहतीसाठी निघाले, ते इसवी सनापूर्वी ७७० च्या सुमारास प्रथम येथे उतरले. युबीआ बेटावरचे हे दर्यावर्दी या जागेला पिथेकूसाई म्हणत. लाक्को आमेनो गावच्या संग्रहालयात त्यांच्या एका थडग्यात सापडलेला मातीचा पेला आहे. इसवी सनापूर्वी ७२५ च्या आसपासचा हा पेला आणि त्यावर उजवीकडून डावीकडे कोरलेल्या तीन ओळी! ग्रीक लिपीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. होमरच्या काव्यातल्या म्हाताऱ्या नेस्टरच्या पेल्याचे नाव घेऊन त्यात मद्य आणि प्रीती यांवर थट्टा केली आहे. चितेच्या राखेजवळ ठेवलेली ती थट्टा पाहून मी बराच वेळ काचेपाशी उभी राहिले.

हे ग्रीक येथे सुखाने नांदले असे मात्र नाही. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की आपसांतल्या भांडणांनी, आणि पुढे भूकंप, आग व उकळते पाणी यांनी त्यांना हुसकून लावले. पुढच्या कवींनी कथा रचली की झ्यूस देवाने टायफॉन नावाच्या राक्षसाला या बेटाखाली दडपले आहे. तो कूस बदलतो तेव्हा जमीन हादरते. बळीला पाताळात घालणाऱ्या वामनाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला हे काही नवे वाटत नाही. फरक इतकाच की आपला बळी पाडव्याला ओवाळून घ्यायला वर येतो. टायफॉनला कोणी ओवाळीत नाही.

शास्त्रज्ञांची कथाही राक्षसाहून फारशी निराळी नाही. सुमारे पंचावन्न हजार वर्षांपूर्वी येथे प्रचंड उद्रेक झाला आणि भूमी खचली. पुढे खालच्या शिलारसाने त्या खचलेल्या तळाला पुन्हा वर रेटले. बेटाच्या मध्यावरचा ७८९ मीटरांचा एपोमेओ डोंगर म्हणजे असा वर उचललेला समुद्रतळच. शेवटचा उद्रेक १३०२ साली झाला; पण खालची धग निवालेली नाही. पावसाचे आणि समुद्राचे पाणी भेगांतून खाली मुरते, तापते आणि झऱ्यांनी वर येते. ज्या भेगांतून पाणी येते, त्याच भेगांच्या प्रदेशात भूकंपही होतात, आणि ते उथळ असल्यामुळे फार नासधूस करतात. मला आजीबरोबर केलेली वज्रेश्वरीची वारी आठवली. आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यांखाली असा जिवंत ज्वालामुखी नाही. येथे मात्र औषध आणि आपत्ती एकाच चुलीवर शिजते.

आणि तरीही माणसे येतच राहिली. बरानो गावाजवळ नित्रोदीचा झरा आहे. तेथे रोमन काळातल्या संगमरवरी पाट्या सापडल्या. गुण आला म्हणून लोकांनी अपोलो आणि जलदेवता यांना वाहिलेल्या. त्यांतली एक कापेल्लिना नावाच्या बाईची. तिला काय होत होते, तिच्याबरोबर कोण आले होते, पाटी काहीच सांगत नाही. नवस फेडला, एवढेच. १५८८ साली यासोलीनो नावाच्या वैद्याने बेटावरचे झरे हिंडून कोणते पाणी कोणत्या व्याधीला, याचा ग्रंथ लिहिला. मग १६०४ साली नेपल्सच्या पिओ मोंते या धर्मादाय संस्थेने कासामिच्चोला गावी गरिबांसाठी स्नानांचे रुग्णालय उघडले. ज्यांना पंच्याचेही पैसे देववत नव्हते अशांना तेथे पाणी मिळे. हे वाचून माझ्या मनावरचे एक ओझे थोडे हलके झाले. कारण नवरा गेल्यावर वर्षाच्या आत चिखल लावून घ्यायला परदेशी आलेल्या बाईला, 'ही चैनच ना?' असे मन सारखे टोचीत होते.

खडकावरच्या किल्ल्यात व्हित्तोरिया कोलोन्ना राहून गेली. तिचे लग्न याच किल्ल्यात १५०९ साली लागले. १५२५ साली नवरा गेला. ती येथे येऊन राहिली आणि त्याच्यासाठी सुनीते लिहीत राहिली. पुढे मायकेलअँजेलोची ती स्नेही झाली. मला सुनीते येत नाहीत. पण किल्ल्याच्या तटावर मी अर्धा दिवस काढला.

सहाव्या दिवशी मी कासामिच्चोलाला गेले. २८ जुलै १८८३ च्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, स्नानांचा हंगाम भरात असताना हे गाव काही क्षणांत कोसळले. बेटावर दोन हजार तीनशेंवर माणसे मेली. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १८८१ मध्ये, एका धक्क्याने शंभरावर बळी घेतले होते. तरी पाहुणे परत आले होते. नेपल्सकडे अजूनही सगळा गोंधळ उडाला की 'कासामिच्चोला झाले' म्हणतात. आपण 'पानिपत झाले' म्हणतो तसे. गरिबांचे ते रुग्णालयही पडले. पुढे समुद्राकाठी नवी इमारत उठली, पण तीही बंद पडली.

त्या रात्री ढिगाऱ्याखाली सतरा वर्षांचा एक मुलगा कित्येक तास अडकला होता. आई, वडील आणि बहीण तिघेही गेली. तो हाडे मोडलेल्या स्थितीत वाचला. तो बेनेदेत्तो क्रोचे. इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर त्याचे नाव मी महाविद्यालयात असताना घोकले होते. भूतकाळ आपण आजच्या गरजेपोटीच जागा करतो, असे काहीसे उत्तरही लिहिले होते आणि गुण मिळविले होते. पण त्याने आपल्या आठवणींत लिहिलेले एक वाक्य मला परीक्षेत कोणी विचारले नव्हते. त्यानंतरची काही वर्षे रात्री उशीवर डोके ठेवताना, सकाळी जाग येऊच नये, अशी त्याला फार इच्छा होत असे. हे मी त्या गावच्या एका बाकावर बसून आठवले. तो मुलगा त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे जगला, १९५२ पर्यंत. लिहीत राहिला, लग्न केले, मुली वाढवल्या, मुसोलिनीपुढे मान वाकवली नाही. सकाळ रोज झालीच.

संध्याकाळी परिचारिकेला मी कोठे जाऊन आले ते सांगितले. ती पंचा घडी करता करता थांबली. २०१७ च्या ऑगस्टमधला धक्का, २०२२ च्या नोव्हेंबरात एपोमेओवरून कोसळलेली दरड आणि तीत गेलेली बारा माणसे, सारे तिने पाहिले होते. तिच्या बहिणीचे घर चिखलाने भरले होते. "तोच डोंगर," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावरच्या लेपाकडे बोट दाखविले. मग घड्याळ पाहून म्हणाली, "सिन्योरा, तुमची वेळ झाली. पाण्यात चला."

गुडघ्यांना गुण आला. पुरता नाही, पण जिना चढवतो. गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला मी चारला उठले. बंब पेटवायचे दिवस गेले. गीझरचेच पाणी बादलीत घेतले. तेल लावायला पाठीमागे कोणी नव्हते, हात पोचला तेवढी पाठ स्वतःच चोळली. उटणे लावले, दाराशी पणती ठेवली. एवढ्यात शेजारच्या सूनबाई फराळाचे ताट घेऊन आल्या. "काकू, एकट्याच?"

"हो," मी म्हटले, "ये, बस. तुझे स्नान झाले का? पाणी अजून ऊन आहे."